आत्याच्या स्प्लिंटच्या खाचा

हॅलो?… हो, बोल गं… नाही, कामातच आहे, पण बोल. आवाज असा का तुझा?… लाल? काय लाल झालं?… मी पाठवलेल्या स्प्लिंटच्या आराखड्यात, स्क्रीनवर डावीकडच्या पायऱ्या सगळ्याच?

थांब, थांब. आधी सांग, तू केलंस काय?… तळव्याची रुंदी कमी केलीस. बरोबरच आहे की. आत्याची सूज उतरली म्हणजे मनगटाला आधार देणारा स्प्लिंट सैल होणारच… आणि एक आकडा बदलला तर पट्टा ओवायच्या खाचा अधांतरी? कमाल आहे… हसत नाहीये गं. कसं झालं ते बघायचंय मला. आत्या तिथेच आहे का?… बरं. तुमच्या दवाखान्यातला चहा पाज तिला तोवर.

नाही, नाही, काही पुसू नकोस. पायऱ्यांच्या तळाशी आडवी रेघ दिसते?… तीच. धरून वर ओढ. मी हा आकार ज्या क्रमानं काढला, तो उलटा दिसत जाईल… पहिली लाल पायरी कुठली?… कडांची गोलाई. हं. आणि तिच्याखाली खाचा. आता खाच उघड. तिचं अंतर कुठून मोजलंय?… गोलाईच्या कडेपासून?

असं होय… हो, मीच जोडली होती तशी. अगं ऐक ना. रुंदी कमी झाली, तेवढी मोठी गोलाई तिथे मावेना. गोलाई गेली, तिच्याबरोबर तिची कड गेली. मग खाचेनं कुणाच्या आधारानं उभं राहायचं?

खाचा मधल्या रेषेला बांध. पहिल्या स्केचमध्ये मनगटातून सरळ गेलीय बघ… हो. हात सुजो नाहीतर बारीक होवो, ती जागची हलत नाही. आणि गोलाई सगळ्यात शेवटी टाक. भिंतीआधी रंग कोण देतं?… झालं? लाल गेलं?… आता मुद्दाम रुंदी वाढव… कमी कर… खाचा सरकतायत ना सोबत? छान.

काय म्हणतेय आत्या?… अंगठा मोकळा हवा? कशाला?… ब्रश धरायला? पण दुकानांच्या पाट्या रंगवणं सोडलं ना तिनं? सगळे ब्रश वाटून टाकले म्हणाली होती… एक ठेवलाय? कुठे?… पर्समध्ये. इतके दिवस?

उपचार करणारी तू आहेस, तूच सांग, चालेल का?… थोडा वेळ. बरं. तिला दे जरा.

आत्या, ब्रश कसा धरतेस गं? पेनासारखा?… पहिल्या दोन बोटांत. आणि अंगठा?… नुसता मागून टेकतो. हे मला ठाऊकच नव्हतं… नाही गं, त्रास कसला? दे, दे तिला.

ऐकलंस? अंगठ्याचा भाग वेगळा काढू, त्याच मधल्या रेषेवरून. नंतर तो काढून टाकला, बदलला, तरी बाकीचं शाबूत राहील. ब्रशच्या दांड्याची जाडी मोज आणि त्या मापाला नाव दे… 'ब्रश'च दे, दुसरं काय?

हॅलो? काय झालं?… रडतेय का ती?… मग?… ब्रश धरल्यासारखं हवेत लिहितेय? दुखत नाहीये ना तिला?… कुठलं अक्षर?… अगं, नीट बघून सांग ना, कुठलं अक्षर काढतेय?… हॅलो?… हॅलो?