तू जेवलीस का?

आवाजाचं काय सांगता, मी हेमाकाकूंचा कान बघितलाय. सातपाटीला मी बोटींशी बोलायच्या वायरलेसवर बसायचो. समुद्रावरून बोलणारा माणूस ओरडतोच, इंजिनाच्या धडधडीत त्याला स्वतःचंच ऐकू येत नाही. त्यात काकूंचे नवरे दामूकाका म्हणजे निव्वळ भोंगा. रोज दुपारी काकू मासळीची पाटी दाराशी ठेवून त्यांचा आवाज ऐकायला यायच्या.

त्या दिवशी काका म्हणाले, "सगळं ठीक हाय. उद्या येतो. तू जेवलीस का?"

काकू ताडकन माझ्याकडे वळल्या. "बोट पाठव. आताच्या आता."

"अहो काकू, ठीक आहे म्हणाले ना ते!"

"तीस वर्सांत ह्या मानसानं मला जेवलीस का विचारलं नाय. आनि एवढ्या हलू आवाजात तर लग्नात पन बोलला नाय. पाठव बोट!"

मी आपलं हसतच काकांच्या जवळपास असलेल्या बोटीला कळवलं. तासाभराने तिकडून निरोप आला. दामूकाकांचं इंजिन बंद पडलं होतं आणि बोटीत गुडघाभर पाणी होतं. बायको घाबरेल म्हणून ते बोलले नव्हते. काकूंनी आणि मी एकच आवाज ऐकला होता, पण मला नुसते शब्द ऐकू आले होते.

दुसऱ्या दिवशी काका बंदरात उतरले ते गरजतच, "कोनी सांगितला गावभर बोभाटा करायला?"

काकूंनी पदराने डोळे पुसले, पाटी डोक्यावर घेतली आणि मला म्हणाल्या, "आता ठीक हाय."