ऑइलपेंटची पावलं

मंडळी, पूर्वरंग झाला, आता सरळ एक प्रश्न विचारतो. माणसाच्या हातून पाप घडलं, पण त्याला पत्ताच नाही! मजेत जेवतोय, झोपतोय. तर ते पाप त्याला लागतं का हो? ...पुढचे आजोबा मान हलवतायत. नाही म्हणतायत! बरं आजोबा, मीही तसंच म्हणत होतो. ऐका.

एक गाव. गावात अंबूताई हर्डीकर. मुलगा मनोहर, आणि नवी सून वैजू. दारात रोज रांगोळी घालायचं काम सुनेकडे. घातली की पुसली! कोंबडी पुसते, पोस्टमन पुसतो, सासरे नाहीत म्हणून बरं! वैजूनं काय केलं? दिवाळीत पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणला. म्हणाली, ‘एकदाच काढते लक्ष्मीची पावलं, कायमची!’ शहाबादी फरशी. उंबऱ्यापाशी बसली, तोंड दाराकडे, ओल्या रंगावर पाय पडू नये म्हणून मागे मागे सरकत थेट देवघरापर्यंत. पावलं झाली झकास! पण बोटं? आपल्यासमोर पाऊल काढलं की बोटं पलीकडेच येणार. म्हणजे कुठे? दाराकडे! सगळी पावलं घराबाहेर निघालेली!

कुणाला कळलं? कुणाला नाही! सासूला मोतीबिंदू. पाच महिने त्या पावलांवर हळदकुंकू वाहिलं. हसू नका बाई, तुमच्या दारातली रांगोळी शेवटची कधी बघितलीत?

रामनवमीचा उत्सव आला. कीर्तनाला एक बुवा आले. अंबूताईंकडे जेवायचं आमंत्रण. बुवा दारात उभे राहिले, खाली बघितलं, आणि – बुवांची जीभ ती! – म्हणाले, ‘काय अंबूताई, लक्ष्मी निघाली वाटतं! बॅग भरलीय का तिची?’

हसलात ना? हसा. तिथेही सगळे हसले. बुवांनी चार पुरणपोळ्या खाल्ल्या, विडा तोंडात टाकला आणि गेले पुढच्या गावाला.

वामनराव, पेटी जरा थांबवा.

आठ दिवसांत म्हैस आटली. अंबूताई म्हणाल्या, ‘पावलं!’ विहिरीची मोटर जळली – ‘पावलं!’ मनोहर मोटरसायकलवरून पडला, पाय मोडला – ‘हिची पावलं! काढ आधी ती!’ आता ऑइलपेंट तो, असा निघतो? वैजूनं रॉकेल ओतलं, थिनर ओतलं. दाढीच्या ब्लेडनं खरवडलं. वरचा थर गेला, पण फरशीच्या खाचांत बसलेला रंग हलेना! महिनेच्या महिने गुडघे टेकून बसली पोरगी. शेवटी सासूनं संडास धुवायचं ॲसिड आणून दिलं. ‘ओत!’ ओतलं. फस्स्! धूर! आणि काय झालं असेल, मंडळी?

अहो, शहाबादी दगड तो! ॲसिडनं दगड खाल्ला! जिथे रंग होता तिथला तेवढा वाचला. भोवतीची फरशी खड्ड्यात गेली, आणि पावलं – पावलं वर उचलून आली! हात फिरवला तर बोटंसुद्धा हाताला लागत होती. अंबूताई किंचाळल्या. ‘बघ, जात नाहीत! तुझ्यामागोमागच जातील ती. माहेरी जा, आणि पुन्हा या घरात येऊ नकोस!’ मनोहर? गप्प. पाय मोडला होता, जीभ नाही!

पुन्हा रामनवमी आली. तोच बुवा, तेच घर, जेवायची तीच वेळ. दारात पत्र्याची पेटी. पेटीशेजारी वैजू, दोन्ही हातांना फडकी बांधलेली. बुवा म्हणाले, ‘अगं, हे काय?’

आणि अंबूताई धावत आल्या... बुवांच्या पाया पडल्या हो! म्हणाल्या, ‘बुवा, तुम्ही होतात म्हणून! तुम्ही डोळे उघडले नसते तर आम्हाला कळलंही नसतं!’

मंडळी, तो बुवा मी.

मला माझं ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं, ताईंनीच म्हणून दाखवलं! मी ओरडलो, ‘अहो ताई, मी गंमत केली!’ त्या हसल्या. ‘बुवा, पोरीची दया आली म्हणून असं म्हणताय. गादीवरचा माणूस उगाच बोलत नाही.’ मी शपथ घेतली, मी हात जोडले, मनोहरला हलवलं. तासभर खरं बोललो, मंडळी, एक शब्द कुणी मानला नाही! आणि वर्षापूर्वी एक वाक्य चेष्टेनं बोललो, ते वेदवाक्य झालं! माझ्या डोळ्यांदेखत ती चारच्या एस्टीनं गेली.

मी तिच्या माहेरी गेलो. आजवर इतक्या लोकांकडून पाया पडून घेतलं, त्या दिवशी मी वाकलो. तर तीच मागे सरली. म्हणाली, ‘बुवा, असं नका करू. मला ठाऊक आहे, गंमत होती ती. त्या दिवशी मीसुद्धा हसले होते.’

ऐकलंत? त्या सबंध घरात जिला माझी गंमत गंमत म्हणून कळली, तिलाच घर सोडावं लागलं! दोन वर्षं झाली. ती अजून माहेरीच आहे. दर महिन्याला मी अंबूताईंच्या दारात जातो, तेच सांगतो, आणि त्या मला पाणी देऊन परत पाठवतात.

आजोबा, लागतं हो पाप! न कळता केलेलं तर जास्त लागतं, कारण ते निस्तरायला आपण वेळेवर पोचतच नाही.

आता माझ्याकडे बघू नका, आपापल्या घराकडे बघा. लग्नात, बारशात, पंगतीत तुम्हीही काहीतरी बोलून आलात. ‘सून जरा थंडच दिसते.’ ‘हिचा पायगुण बघा हं!’ सगळे हसले, तुम्ही जेवलात, हात धुतलेत, विसरलात. ज्या घरी बोललात तिथे उद्या सकाळी जा. दार वाजवा आणि विचारा, ‘बाई, माझ्या बोलण्यानंतर इथे काय झालं?’

रामराया, ही जीभ तूच दिलीस, तूच आवर. चला, आरतीला उभे राहा.