जाताच आहात तर…

आणि वर मला विचारतात, "काय मग, ते चर्च आतून कसं वाटलं?" आतून? अहो, आत गेलो असतो तर वाटलं असतं ना काहीतरी! तुम्हाला सांगतो, जर्मनीत कोलोनला जाऊन त्या चर्चमध्ये पाऊल न टाकता परत आलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर हा बघा, तुमच्यासमोर उभा आहे, नीट बघून घ्या. बरं, ते काही गल्लीबोळात लपवलेलं नाहीये! मेन स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच, आभाळाला टेकलेलं, चुकवू म्हटलं तरी चुकत नाही… आम्ही चुकवलं. का? तर एका वाक्यामुळे. "जाताच आहात तर…"

म्हणजे तुम्हाला आमची परिस्थिती माहीत नाही. मी परीक्षित, मूळ पुण्याचा, राहतो लीड्सला, दिवसा ऑफिस. बायको आसावरी हॉस्पिटलात नर्स आणि तिला कायम नाइट शिफ्ट. म्हणजे आमचा संसार चालतो कुठे? दारात! ती आत येते, मी बाहेर जातो. "दूध संपलंय." "बरं." "नीट झोप." "बरं." झाला संसार! लग्नाला दहा वर्षं होत आली आणि बायको मी उजेडात पाहिलीय ती कोट घालताना, नाहीतर कोट काढताना. आणि मला ती आवडते हो! आता स्वतःच्याच बायकोबद्दल हे असं चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण आवडते, काय करू?

तर म्हटलं, एक वीकेंड. फक्त दोघं. कोलोनला नदीवर एक पूल आहे, तिथे जोडपी आपल्या नावाचं कुलूप लावतात आणि किल्ली नदीत टाकतात. मी मार्केटमधून लाल कुलूप आणलं, त्यावर दोघांची नावं कोरून घेतली, कोटाच्या खिशात लपवलं. बायकोला पत्ता नाही! व्हिसासाठी आधी अपॉइंटमेंट मिळेना, मग ती मिळाली तर आसावरीची रजा मिळेना, रजा मिळाली तर स्वस्त फ्लाइट मिळेना… सगळं जुळवलं. आणि मग आमच्याकडून एकच चूक झाली. मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगला येणार नाही म्हणून सांगताना आसावरी खरं बोलली!

मंडळाच्या सुप्रभाकाकू. चाळीस वर्षं लीड्समध्ये, मनानं अतिशय चांगल्या, हेच तर वाईट आहे. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. "अगं बाई, कोलोन? आमची भाची ईशिता तिथेच की! जाताच आहात तर एवढं मोदकपात्र नेता का? इवलंसं आहे." इवलंसं? अहो, त्यात एकवीस मोदक एका वेळी उकडतील आणि वर आमचं एखादं स्वप्नसुद्धा! "आणि जाताच आहात तर ही भाजणी. तिला थालीपीठ फार आवडतं हो…" आता यावर नाही कसं म्हणायचं? आपल्यात कुणी परगावी निघाला की तो प्रवासी उरतच नाही, कुरियर होतो.

मँचेस्टरला सिक्युरिटीवाल्यानं बॅग उघडली. भाजणीची ती पिशवी, ते करडं पीठ, त्याचं तोंड असं झालं… "व्हॉट इज धिस, सर?" आता भाजणीला इंग्लिशमध्ये काय म्हणाल? मी म्हटलं, "मिक्स्ड रोस्टेड फ्लार." तो म्हणाला, "रोस्टेड बाय हूम?" बाय सुप्रभाकाकू! काय सांगू त्याला? पीठ तपासलं, मोदकपात्राची चाळणी उजेडात धरून बघितली, तीन साहेब जमले. आसावरी म्हणाली, "चिडू नकोस रे. उद्या सकाळी दारातच देऊ आणि निघू." दारातच देऊ! मराठी माणसाच्या दारातून आजवर कुणी न जेवता निघालाय?

ईशिताचं घर नदीच्या अलीकडे. चर्च पलीकडे. शनिवारी सकाळी बेल वाजवली, ती दार उघडते तर पोरीच्या डोळ्यांत पाणी! "मावशीची भाजणी!" पिशवीत नाक खुपसून उभी. आता अशा बाईला कसं म्हणणार की आम्हाला पूल बघायचाय? "आलाच आहात तर चहा घ्या." मग "थांबलाच आहात तर जेवूनच जा." मग थालीपीठ, मग बासुंदी, आणि बासुंदीवर माणूस उठतो का? मग तिचा नवरा समर. "चर्च ना? छ्या, फार गर्दी असते हो. बसा, मी दाखवतो." आणि टीव्हीवर त्यानं काढलेला व्हिडिओ लावला. खिडकीच्या बाहेर, नदीपलीकडे खरं चर्च उभं आणि आम्ही पडदा ओढून, अंधार करून टीव्हीवर चर्च बघतोय! दोनदा! कारण पहिल्यांदा आवाज लागला नव्हता.

संध्याकाळी हॉटेलवर जाऊ म्हटलं तर, "हॉटेल? लोक काय म्हणतील? मावशी काय म्हणेल?" समर जाऊन आमची बॅगच घेऊन आला, माणूस काय करील? मग झोपायची सोय: बायका आतल्या खोलीत, पुरुष हॉलमध्ये. पुन्हा ती आत, मी बाहेर! अहो, हे तर मला लीड्सलाच फुकट मिळत होतं!

रविवारी जेवण झाल्यावर निघालो. निघालो म्हणजे काय, ईशिता हात भरून आली. "जाताच आहात तर मावशीला ही जर्मन कढई. जाताच आहात तर मंडळाला ही चॉकलेटं. आणि जाताच आहात तर…" पुढचं ऐका हं, जवळ कुणाचा तरी हात धरून ऐका, "…हे मोदकपात्र परत न्या. माझ्याकडे आहे, आईनं पाठवलंय."

बॅगेची चेन दोन्हीकडून ओढली की मधे सरकून उघडायची. बांधायला काही सापडतंय का म्हणून आसावरीनं माझ्या कोटाच्या खिशात हात घातला. "अरे वा, कुलूप आहे की तुझ्याकडे!" खट्कन लावलं. चेनला! मी बघतच राहिलो. ईशिता-समरसमोर काय बोलणार?

शेवटी एअरपोर्टच्या ट्रेनला थोडा वेळ होता म्हणून बॅग ओढत पुलावर गेलो. जिकडेतिकडे कुलपंच कुलपं. आसावरी एकेक नाव वाचत चालली होती. हळूच म्हणाली, "परी, आपणही आणायला हवं होतं रे." मी म्हटलं, "आणलंय." "कुठंय?" मी बॅगेकडे बोट दाखवलं. ती वाकली, कुलूप उलटं केलं, दोघांची नावं वाचली… आणि तिथेच, त्या कढईवर, म्हणजे बॅगेवर बसून रडायला लागली. मग हसायला लागली. दहा वर्षांत मी तिला भर उजेडात एवढी सुंदर पाहिली नव्हती. कुलूप काढावं तर बॅग फुटेल. ती उठली, माझ्या हातातली किल्ली घेतली, म्हणाली, "अर्धं तरी करू!" आणि टाकली नदीत! काय टाळ्या वाजवल्या आम्ही! लहान मुलांसारख्या!

मग एअरपोर्ट आला.

काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?" मी आसावरीकडे बघितलं. "तुम्हाला कुणी काही न्यायला दिलंय का?" आता सांगा, काय उत्तर देऊ? बाई गं, मी आयुष्यात दुसरं केलंय काय? पुढे सिक्युरिटीवाला म्हणाला, "ओपन, प्लीज." किल्ली? नदीत! त्यानं भली मोठी कात्री आणली आणि आमची दोघांची नावं कोरलेलं कुलूप कट्कन कापलं. बॅग आ वासून उघडली. वर मोदकपात्र.

सोमवारी संध्याकाळी आसावरी शिफ्टला, मंगळवारी सकाळी मी दारात, ती आत येतेय. कापलेलं कुलूप तिनं दाराशी किल्ल्यांच्या खुंटीला अडकवलेलं. मी बूट घातले. ती म्हणाली, "जातोच आहेस तर…" मी हात जोडले. म्हटलं, आसावरी, काहीही सांग, पुडकं देऊ नकोस. ती म्हणाली, "जातोच आहेस तर जरा उशिरा जा ना. बस माझ्याजवळ."

मी बूट काढले हो! ऑफिसला उशीर कळवला, चहा टाकला, तिच्या शेजारी बसलो, तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं…

आणि बेल वाजली. दारात सुप्रभाकाकू, हातात दोन पिशव्या.

"बरं झालं बाई, आहातच घरी तर…"