विरूपेक्षा एक इंच

जगदीश: विरूच्या गाडीत तुम्ही जे स्प्रिंग टाकले ना, काका, माझ्यात त्याच्यापेक्षा एक इंच उंच टाका. बाकी काही विचारू नका.

नथ्थू: विचाराव तर लागते. डॉक्टरबी विचारते, दुखते कुठं म्हणून. तू दुकानात पाय ठेवल्याबरोबर इंचावर आला. खुर्ची घे. चहा सांगू?

जगदीश: चहा नको. ऑफिसातून अर्धा दिवस टाकून आलोय, रांझीपर्यंत यायलाच पाऊण तास गेला. दसऱ्याला आठ दिवस राहिले. गाडी आज तयार पाहिजे.

नथ्थू: आज होऊन जाईन. स्प्रिंग बदलाले वेळ नाही लागत, निवडाले लागते. हे पाह्य, तीन जोड्या आहेत. ही पांढरी. दोन इंच उचलते, तार बारीक, मऊ चालते. ही पिवळीबी दोनच इंच, पण तार जाड. जो माणूस टपावर तंबू, पेट्या, समोर लोखंडी बंपर लावून जंगलात हिंडते, त्याच्यासाठी. अन् ही काळी, तीन इंचवाली.

जगदीश: काळी.

नथ्थू: तू तिले हातबी नाही लावला अजून.

जगदीश: हात काय लावायचा, वांगी थोडीच घेऊन राहिलो. तीन म्हणजे तीन.

नथ्थू: तीन इंच उचलली तर नुसत्या स्प्रिंगनं नाही भागत. शॉकर लांब लागते, ब्रेकचा पाइप ताणते, खालचा शाफ्ट वाकडा फिरते. वळणावर गाडी डोलते ते वेगळंच. तुले जायचं कुठं आहे? नदीत उतरवतो काय?

जगदीश: नागपूरला. दीक्षाभूमीवर. दरवर्षी दसऱ्याला सगळं घर जाते, तसंच.

नथ्थू: शिवनीवरून आता असा रस्ता आहे का कपातला चहा नाही सांडत. त्याच्यासाठी तीन इंच काहून?

जगदीश: विरूला विचारलं होतं का कोणी, काहून म्हणून?

नथ्थू: मी विचारलं होतं. मोठा भाऊ असो का लहान, माझ्या दुकानात सगळ्याले एकच सवाल. गाडीत रोज किती लोक बसते, मांगं सामान काय राह्यते. वजन समजल्याबिगर स्प्रिंग देणं म्हणजे पाय न पाहता जोडा देणं. रिकाम्या गाडीले जाड तार लावली तर ते उड्या मारते. सांग बरं आता खरं खरं.

जगदीश: पाच माणसं. सामान. फुल लोड समजा.

नथ्थू: समजू कशाले, मोजतो ना. चाकाच्या मधातून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावला का सगळं समजते. किती वर्षं झाले गाडीले?

जगदीश: साडेचार.

नथ्थू: साडेचार. अन् मांगची उंची कंपनीतून निघाली तेवढीच. सुताचाबी फरक नाही. बाबू, फॅक्टरीत तुझ्या बापासोबत तीस वर्षं ट्रकच्या कमान्या बसवल्या मी. साडेचार वर्षं पाच लोक बसले असते तर हे स्प्रिंग अर्धा इंच तरी दबले असते. तुह्या गाडीत मांगं कोणी बसलंच नाही.

जगदीश: ऑफिसला मी एकटाच जातो. ममताला तिची स्कूटी आहे. पोरगी पुण्याला. त्यात काय एवढं?

नथ्थू: काहीच नाही. मग पाच कोण?

जगदीश: बसतील ना. गाडी उंच झाली की बसतील. आई बसेल.

नथ्थू: पार्वता वैनी?

जगदीश: हो. आता मागच्या वर्षीची गोष्ट ऐका, मग तुम्हीच सांगा. सकाळी सहाला विरूच्या घरासमोर, घमापुरात, दोन्ही गाड्या उभ्या. माझी धुतलेली, पुसलेली, आत एसी सुरू. त्याची ती खटारा, मंडपाच्या बांबूंचा वास मारते, मागं त्याची पोरं खिडकीवरून भांडून राहिली. मी आईसाठी पुढचं दार उघडून उभा. आणि आई आली, माझ्या गाडीत एकदा डोकावली, आणि पिशवी घेऊन सरळ विरूच्या गाडीत.

नथ्थू: काही बोलली?

जगदीश: बोलली ना, सगळ्यांसमोर. बाबू, तुझी गाडी खाली आहे रे, विरूची उंच आहे, त्याच्यातून दूरवर दिसते. बस. विरूची बायको तोंडाला पदर लावून हसली. मी दार उघडून तसाच उभा. शेवटी त्या सीटवर केळ्यांची फणी ठेवली आणि निघालो.

नथ्थू: ममता नव्हती?

जगदीश: ती मागं झोपून येते. मी आणि केळी, पुढं. आणि समोर पूर्ण रस्ताभर विरूची गाडी, काचेतून आईचं डोकं दिसून राहिलं. मागं वळून पोरांशी हसत होती. अडीचशे किलोमीटर मी ते डोकं पाहत गाडी चालवली, काका. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. गाडी नवी होती तेव्हा एकदा बसली माझ्यासोबत, एकदाच. त्यानंतर विरू.

नथ्थू: हे मोठं दुखणं झालं.

जगदीश: तिची औषधं मी आणतो. चष्मा मी करून दिला. पेन्शनच्या कागदांसाठी रांगेत मी उभा राहतो. आणि मिरवायला विरू, जो दहावीत दोनदा बसला. लहानपणीही हेच. बाबा ड्यूटीवरून आले की सायकलवर चक्कर मारायला न्यायचे. पुढच्या दांडीवर विरू, मी मागं कॅरिअरवर. बाबांची पाठ पाहत.

नथ्थू: तो लहान होता. मांगून पडला असता.

जगदीश: माहीत आहे. पन्नाशी आली तरी माहीतच आहे. पण जळतो मी त्याच्यावर, खोटं काय बोलू. त्याच्या दुकानाला जळत नाही, घराला जळत नाही. त्या पुढच्या सीटला जळतो. म्हणून म्हटलं, एक इंच जास्त. मग पाहतो, काय कारण सांगते ती.

नथ्थू: आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून. विरूची गाडी खालून पाह्यली काय तू?

जगदीश: वाकूनच पाहिली. परवा त्याच्या दुकानासमोर उभी होती. नवे कोरे स्प्रिंग चमकून राहिले होते. टेप होता खिशात, पण तेवढ्यात विरू बाहेर आला. म्हटलं, पेन पडला.

नथ्थू: टेप लावला असता तर इथं आलाच नसता. त्याच्यात मी उचलणारे स्प्रिंग टाकलेच नाही. बांबू वाहून वाहून त्याचे जुने पार बसले होते, तर त्याच मापाचे जाड तारेचे टाकले. मी म्हटलंबी, दोन इंच उचलून देतो. तो म्हणे, नको काका, आईचे गुडघे. उलट कमी होत असंन तर कमी करा. पाह्य, भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं आहे, "विरू मंडप". अन् त्याच्या बाजूले आता तुझं लिहितो. वाच.

जगदीश: माझी उंच आहे?

नथ्थू: एक इंच. तुले पाहिजे होता तेवढाच.

जगदीश: मग ती एवढी उंच दिसते कशी?

नथ्थू: टपावर बांबू बांधले राह्यते म्हणून.

जगदीश: हसू नका, काका. मग आई काहून म्हणाली तसं? तिला काय दिसत नाही?

नथ्थू: ते टेपनं नाही मोजता येत. तिलेच विचार. अन् हेबी सांग का तू तीन इंच उचलून राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, स्टूल ठेवून चढंन काय?

जगदीश: पायदान लावू.

नथ्थू: आधी फोन लाव.

(जगदीश फोन स्पीकरवर ठेवतो.)

पार्वताबाई: हॅलो. कोण, विरू?

जगदीश: जगदीश बोलतोय.

पार्वताबाई: अच्छा, जगू. चष्मा काढून ठेवला होता, नाव नाही वाचता आलं. जेवला काय?

जगदीश: जेवलो. आई, मी रांझीला नथ्थूकाकांकडे आलोय. गाडी उंच करून राहिलो.

पार्वताबाई: काहून? पाणी भरते काय तुमच्या गल्लीत?

जगदीश: तुझ्यासाठी. तूच म्हणाली होतीस ना मागच्या वर्षी, तुझी गाडी खाली आहे, विरूची उंच आहे.

पार्वताबाई: ते होय. ते तर असंच म्हटलं होतं.

जगदीश: असंच म्हणजे?

पार्वताबाई: चारचौघात काहीतरी बोलाव लागते ना माणसाले. उंच नको करू, बाबू. विरूच्याच गाडीत चढताना माझा जीव जाते.

जगदीश: ठीक आहे, नाही करत. मग यंदा माझ्यासोबत चल. पुढच्या सीटवर.

पार्वताबाई: पाहू. दसऱ्याले वेळ आहे अजून.

जगदीश: आठच दिवस आहेत. येशील ना?

पार्वताबाई: पाहू म्हटलं ना.

जगदीश: नसेल यायचं तर सरळ सांग. विरू जास्त आवडतो तर तसं म्हण, मी काही रडणार नाही. पण गाडीचं नाव नको पुढं करू. त्याची गाडी माझ्यापेक्षा खाली आहे, आत्ताच मोजलं.

पार्वताबाई: मोजलं? तुम्ही लोक कायकाय मोजता. नथ्थू भाऊजी आहेत काय तिथं?

नथ्थू: आहो, वैनी. पण मी चाललो. चहा सांगाचा आहे.

पार्वताबाई: गेले?

जगदीश: गेले. बोल.

पार्वताबाई: तुझी गाडी नवी होती तवा मले नेलं होतं तू नागपूरले, आठवते? मी बसाच्या आधी तू सीटवर पेपर अंथरला.

जगदीश: हो. कापडाची सीट होती, डाग पडतात. मी तर सगळ्यांसाठीच अंथरतो. त्याचा राग धरलास एवढी वर्षं?

पार्वताबाई: राग कशाचा. नवी वस्तू आहे, माणूस जपतेच. मीबी तुमच्या बापानं आणलेल्या रेडिओवर रुमाल टाकत होती. मी बसली आरामात. लखनादौनले चहासाठी उतरली अन् पिशवी घ्याले वळली, तर सीटवर नजर गेली. दसऱ्याच्या दिवसाचा पेपर, जगू. पानभर बाबासाहेबांचा फोटो.

जगदीश: आई.

पार्वताबाई: माझं बसणं त्याच्यावर. दीक्षाभूमीवर चालली होती मी, अन् त्याच्यावर बसून.

जगदीश: मी पाहिलंच नाही, आई. सकाळी दारात पडलेला पेपर होता, तसाच उचलला. खरंच नाही पाहिलं.

पार्वताबाई: मले माहीत आहे. पाहून कोण करंन असं? मी ते पान काढून घेतलं, पदरानं पुसलं, घडी करून पिशवीत ठेवलं. मग नागपूर येईपर्यंत मनातल्या मनात त्रिशरण म्हणत बसली. तू म्हणे, आई, आज एवढी चुप काहून? मी म्हटलं, गाडी लागली.

जगदीश: आणि पुढच्या वर्षी?

पार्वताबाई: पुढच्या वर्षीबी तू अंथरला. मी डोकावून पाह्यलं ना दारातून. मागच्या वर्षीबी. तुले सवय आहे, अन् त्या दिवशीच्या पेपरात फोटो राह्यतेच. पेपर काढ म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, काहून. मग विरूच्या गाडीत बसून टाकत होती. त्याच्या सीटवर फाटकी गोधडी आहे, तिले कोणाचं काही नाही.

जगदीश: मागच्या वर्षी त्याच पेपरवर मी केळी ठेवली, आई.

पार्वताबाई: जाऊ दे. ठेवली तर ठेवली. तुले माहीत नव्हतं.

जगदीश: मला एकट्याला सांगायचं होतंस. फोनवर. कधीही.

पार्वताबाई: सांगितलं असतं तर तू स्वतःले खात बसला असता. आताबी रातचा घास खाली उतरणार नाही तुझ्या. तू तुझ्या बापावर गेला. म्हणून नाही बोलली. आता तू तीन तीन इंच उचलाले निघाला, म्हणून बोलाव लागलं. यंदा येते मी तुझ्यासोबत. नुसती सीट राहू दे, बस.

जगदीश: विरूला माहीत आहे हे?

पार्वताबाई: त्याले काहून सांगू? त्याले वाटते, मले त्याची गाडी आवडते.