आप्पासाहेबांनी हात दिला

न्हाय, पण मी म्हणते, द्यायचाच व्हता तर जित्तेपणी द्यायला काय झालं व्हतं? एवढा मोठा माणूस, निम्म्या कळस गावात त्यांचा ऊस, दारापुढं दोन गाड्या, शब्दाला वजन, आन् मेल्यावर भर उन्हात कॅनॉलच्या पुलावर येऊन उभं राहायचं, तेबी कुणासाठी, तर आमच्या ह्यांच्यासाठी! हसू नका, तुमाला सांगते, हेच मी इंदापूरच्या डॉक्टरला सांगितलं तर त्यानं ह्यांच्या मानेचा एक्स-रे काढला. भुतानं धरलाय हात आन् हा फोटू काढतोय मानेचा... म्हणला, 'मावशी, मणक्यात गॅप हाय.' असंल बाबा. त्या गॅपमधनं आप्पासाहेब आत आले असतील.

थांबा, पहिल्यापासनं सांगते, न्हायतर तुमाला वाटंल ही बाई येडी. आमचे हे म्हंजे बुद्धभूषण सर. अंथुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले. बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. वर्गात लिंबू कापून लाल रस काढून दाखवायचे, हातावर कापूर पेटवायचे आन् पोरांना सांगायचे, 'बाळांनो, भूत ही दुबळ्या मनाची कल्पना आहे.' शाळेत असं शुद्ध बोलायचे. माझ्या माहेरी कुणाच्या अंगात आलं की हे तिची नाडी मोजायला बसायचे. अशा माणसाला भूत भेटावं? सगळा तालुका सोडून?

आता आप्पासाहेब. आप्पासाहेब आन् हे कळसाच्या शाळेत एका वर्गात. ते पुढं, हे दारापाशी. माणूस वाईट नव्हता बरं का. वाईट असता तर सोपं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळं झालो असतो. आमच्या मामंजींना, कचरूतात्यांना, लकवा मारला तवा स्वतःच्या जीपमधनं बारामतीला नेलं, दवाखान्यात बसून राहिले. आमची दिशा बारावीला शाळेत पहिली आली तवा पेढे घेऊन वस्तीवर आले. पण हात? हात न्हाय. लांबनंच दोन्ही हात जोडणार, 'नमस्कार, भूषण सर, नमस्कार!' लग्न असू दे, यात्रा असू दे, कारखान्याची सभा असू दे. रांगेत धा माणसं उभी असली की एकाच्या हातात हात, दुसऱ्याच्या खांद्यावर थाप, तिसऱ्याला तर मिठी... आन् ह्यांच्यापुढं आले की हात जोडलेच. ह्यांचा हात तवर निम्म्यात गेलेला असायचा. आता निम्म्यात गेलेला हात माणसानं कुठं न्यावा, तुमीच सांगा? कधी चष्म्याला लावायचे, कधी केसांवरनं फिरवायचे. केस तर कवाच गेले व्हते.

मी म्हणायची, 'अहो, नमस्कारच हाय ना? चांगली रीत हाय.' तर म्हणायचे, 'संजीवनी, नमस्कार दोन तऱ्हंचा असतो. एक मान द्यायला, एक अंतर ठिवायला.' मला वाटायचं, मास्तर माणूस, ह्याला प्रत्येक गोष्टीचे दोन प्रकार सांगायची खोड. मग मीबी बघायला लागले. आन् एकदा बघितलं ते बघितलं, मग दिसायचं काय थांबंना.

त्यापायी ह्यांना हातांचा नादच लागला. कुणी हात मिळवला की घरी येऊन पेपर तपासल्यागत मार्क देणार. मत मागायला आलेल्याचा हात, म्हणले, तुमच्या हातात असतो आन् डोळं पुढच्या माणसावर. पस्तीस मार्क, काठावर पास. विमावाला धरतो ते सोडतच न्हाय, सही जशी काय त्या हातातनंच पिळून काढायची हाय. नवा सायब नुसती बोटांची टोकं देतो, कुणी गरम पापड दिल्यागत. व्याह्याचा हात लग्न ठरायच्या आधी ढिला आन् ठरल्यावर घट्ट. मी म्हणलं, 'आन् मैतराचा?' तर म्हणले, 'तो पेपर अजून आला न्हाय.'

मग करोना आला. सगळं जग आप्पासाहेबांसारखं झालं! जो तो लांबनं हात जोडतोय. माणसं मरत व्हती, आमी घाबरलेलो, सगळं खरं... पण एका बाबतीत आमचे हे निवांत व्हते, कुणीच कुणाला हात देत नव्हतं. करोना गेला. हात परत सुरू झाले. आप्पासाहेबांचा नमस्कार व्हता तसाच.

आन् ह्या उन्हाळ्यात, दुपारचं, हे स्कूटीवरनं घरी येत व्हते. पुलावर आप्पासाहेब उभे. पांढरा सदरा, टोपी, एकटेच. गाडी न्हाय, मागं माणूस न्हाय. ह्यांनी गाडी थांबवली आन् सवयीनं आपणच आधी हात जोडले. तर आप्पासाहेबांनी उजवा हात पुढं केला. 'भूषण,' म्हणले. सर न्हाय, नुसतं भूषण, शाळंत म्हणायचे तसं. ह्यांनी हात धरला. गार, रसवंतीतल्या बर्फागत गार, पण असा घट्ट की ह्यांची अंगठी रुतली. दुसरं काय बोलले न्हायत. हे घरी आले ते तोंड असं फुललेलं, मला वाटलं दिशाला दिवस गेले का काय. 'संजीवनी, आप्पानं हात दिला.' आन् बसले की रडायला! एवढा मोठा माणूस, ओट्याला टेकून, लेकरागत. मी आपला चहा टाकला, साखर जरा जास्त घातली.

चहा उकळतोय तवर पिंकीचा फोन. पिंकी म्हंजे माझी धाकटी जाऊ, तिला गावातली मयत मयताच्या आधी कळती. 'वैनी, आप्पासाहेब गेले की ओ! बारामतीला दवाखान्यात, सकाळीच. आत्ता घेऊन यायला लागलेत.'

सकाळीच... मग दुपारी पुलावर कोण व्हतं?

मी ह्यांच्याकडं बघितलं, हे हाताकडं. चहा उतू गेला.

त्या दिवसापासनं तो हात काय सुटला न्हाय बघा. जेवायला बसावं, घास तोंडाकडं निघावा आन् मधीच कुणी धरल्यागत थांबावा, आन् मग खाली-वर, खाली-वर. भाजी सगळी सदऱ्यावर. फाट्यावर उभं राहावं तर हात आपोआप पुढं, की शिटा भरत फिरणारी वडापची जीप कचकन थांबणार. 'बसा, सर.' 'न्हाय बसायचं.' 'मग हात कशाला केला?' आता काय सांगावं त्याला? मी न्हाय केला, आप्पासाहेबांनी केला? दिशानं पुण्यावरनं व्हिडिओ कॉल केला, 'पप्पा, स्ट्रेस आहे, योगा करा.' योगा लावला, तर त्यात पहिलंच हात जोडायचं आसन. जोडायला जावं तर डावा येतोय आन् उजवा कुणीतरी तिकडं धरलेला.

आन् एकदा मी तो हात धरला. भाकरी थापत व्हते, पिठाच्याच हातानं धरला. आत्ताबी काटा आला बघा अंगावर. नवऱ्याचा हात मी अंधारात वळखंन. तळवा ह्यांचाच, ऊन, खडूनं चिरलेला, पण त्याच्यावरनं दुसरं काहीतरी गार, जड गुंडाळलेलं, माझी बोटं मधी जाईनात. नवरा माझा, हात माझ्या नवऱ्याचा, आन् मलाच जागा न्हाय! तव्यावर भाकरी करपली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण भीतीपेक्षा राग जास्त आला. मी त्या मोकळ्या जागंला म्हणलं, 'आप्पासाहेब, द्यायचा तर चारचौघांत द्या. माणूस मेल्यावर, रस्त्याला कुणी नसताना, असा चोरून हात दिलेला आमाला न्हाय चालत. जित्तेपणी द्यायला काय झालं व्हतं?'

भुतालाबी ऐकून घ्यावं लागतं कधीकधी.

दहाव्याचा दिवस आला. हे म्हणले, 'मी येत न्हाय, आपण पिंडदान मानत न्हाय.' मी म्हणलं, 'पिंडाला कोण जातंय? मैतरासाठी जायचं. आन् तुमी भुताला हात द्यायचं मानता व्हय?' आले गुमान.

नदीच्या घाटावर ही गर्दी. मांडव, माईक, खुर्च्या. एकेक जण उठतोय आन् श्रद्धांजली म्हणून स्वतःचंच सांगतोय. मग पिंड ठेवले. भात, दही, भजी, आप्पासाहेबांना आवडायची तसली लाडवाची जोडी. आन् कावळा शिवंना. बाभळीवर बसलाय, मान वाकडी करून बघतोय, पण खाली उतरायचं नाव न्हाय. लोकांना ऊन लागायला लागलं, पोटात कावळं कोकलायला लागले, ते तेवढं आले लगीच. मग झाली सुरुवात. लेक त्यांचा, विजयसिंह, पुढं झाला, 'आप्पा, आईला सांभाळतो.' कावळा बाभळीवर. 'आप्पा, बहिणीचं, श्रेयाचं लगीन थाटात करतो.' बाभळीवरच. भावकीतले कुंडलिकराव मागनं, 'अरे, शाळंला नाव देतो म्हण!' दिलं नाव. 'झेडपीला उभा राहतो म्हण, त्यांची लई विच्छा व्हती!' तेबी म्हणला, जरा मोठ्यानंच म्हणला. कावळ्यानं पंख खाजवला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, त्यांना दुसरं गाव गाठायचं व्हतं.

तवा कौसल्याबाई उठल्या. आप्पासाहेबांची बायको, कधी चारचौघांत बोललेली बाई न्हाय. सरळ आमच्या ह्यांच्यापुढं आल्या. 'सर, दवाखान्यात ते शेवटी शेवटी उजवा हात सारखा उचलत व्हते. आमी पाणी दिलं, फोन दिला, माळ दिली. काय घेईनात. भूषणला, भूषणला, एवढंच म्हणायचे. तुमचं काय राहिलं व्हतं त्यांच्याकडं?'

कुंडलिकरावांनी मान पुढं काढली, त्यांना वाटलं आता जमिनीचं काहीतरी निघतंय.

आन् आमच्या ह्यांनी, ज्या माणसानं सगळा जन्म कुणाला काय मागितलं न्हाय, निम्म्यात गेलेला हात चष्म्याला लावला, त्या माणसानं तितं, एवढ्या लोकांत सांगितलं. 'काही नाही, वहिनी. फक्त हात राहिला होता.'

सांगितलं खरं, पण कुणाला समजावून द्यावं लागलं न्हाय. कुणी विचारलं न्हाय, कसला हात. सगळ्यांना ठाऊक व्हतं. इतकी वर्सं सगळ्यांना ठाऊक व्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कौसल्याबाई म्हणल्या, 'विजय, दे.' विजयसिंहानं सवयीनं दोन्ही हात जोडले, 'नमस्कार, सर.' कावळ्यानं पाठ फिरवली! देवाशप्पथ म्हणणार न्हाय, आमच्यात चालत न्हाय, पण फिरवली. 'हात दे म्हणले मी.' त्यानं बोटांची टोकं दिली. पापड. कावळा हलला न्हाय. मग त्या माउलीनं लेकाचं मनगट धरलं, शाळंत पहिल्या दिवशी सोडताना पोराचं धरतात तसं, आन् त्याचा अख्खा पंजा ह्यांच्या पंजात नेऊन ठेवला, आन् वरनं स्वतःचे दोन्ही हात दाबले.

कावळा आला. आधी भजी खाल्ली.

लोकांनी सुटल्यागत श्वास टाकला, मोबाईल वर झाले, खटाखट फोटू. कुंडलिकराव म्हणले, 'बघा, झेडपीचं म्हणलं तवाच तो उडायच्या बेतात व्हता.' आन् हे माझ्याकडं वळले, डोळं भरलेले, आन् हळूच म्हणले, 'ऊन हाय गं हात. घाम आलाय पोराला.' त्या दिवशी हे उजव्या हातानं पोटभर जेवले. एक शितबी सांडलं न्हाय. आप्पासाहेब गेले ते गेले, परत पुलावर कुणाला दिसले न्हायत. मी म्हणलं, सुटलो.

कुठलं सुटलो!

परवा बाजाराला इंदापुरात गेलो. चौकात हा मोठा फ्लेक्स, दुमजली. 'वारसा माणुसकीचा!' वर ढगात आप्पासाहेब, हात जोडलेले. खाली विजयसिंह, हसतोय, आन् त्याच्या हातात एक हात. कोपरापातुर. घाटावरचाच फोटू तो. पण कोपराच्या पुढं जितं आमचे हे उभे व्हते, तितं पुढाऱ्यांची रांग चिकटवलेली, गोल गोल तोंडं. मी बारामतीतनं आणलेल्या चौकड्याच्या सदऱ्याची बाही तेवढी दिसतीय. हे खाली उभे राहून बघत राहिले. एक केळीवाला हातगाडी लावून बसला व्हता, ह्यांचाच विद्यार्थी, त्यानं विचारलं, 'सर, कुणाचा ओ त्यो हात?'

मला वाटलं आता सांगतील. छातीवर हात ठिवून सांगतील. तर चष्मा नीट केला आन् म्हणले, 'असंल कुणाचातरी.'

अर्धा डझन केळी घेतली, आलो घरी. आता तुमीच सांगा, नुसता हात दिसतोय, माणूस दिसत न्हाय, ह्यालाच भूत म्हणतात ना? आप्पासाहेबांना तरी त्यासाठी मरावं लागलं. आमचे हे जित्तेपणीच झाले.