माझ्या बाजूचा ब्रेक

—हळू, हळू सोडा, क्लच म्हणजे काही झुरळ नाही काकू, एवढा पाय उचलून पळायला... पडली बंद. पडू दे. मागचा वाजवतोय, वाजवू दे त्याला, वर एवढी मोठी पाटी लावलीये शिकाऊ म्हणून, ती दिसत नाही का? तो काय पोटातून शिकून आला होता? न्यूट्रल करा आधी. आता किल्ली. हां. आणि बोला — रोज सांगतोय मी, जे करताय ते तोंडानं बोलत चला. आता क्लच दाबतेय, आता पहिला टाकतेय, आता आरसा बघतेय. तोंड बोललं की हातपाय ऐकतात. लाज कसली, गाडीत आपण दोघंच तर आहोत. नाही? बरं, मग तुमच्या वाटचं मी बोलतो. आता आपण क्लच सोडतोय — सावकाश — आता आपण निघालोय. बघा, निघालो की नाही!

वाजू दे. माझाच फोन आहे. गाडी चालू असताना मी घेत नाही, शिकवणाराच फोन कानाला लावून बसला तर शिकणाऱ्यानं काय शिकायचं? दुसरा टाका. इंजिन ओरडतंय बघा, मागतंय ते. हॉस्पिटलचा असणार, सकाळपासून दुसऱ्यांदा आला. नाही नाही, घाबरण्यासारखं काही नाही, मुलीच्या कानांचं आहे — तुम्ही समोर बघा, माझ्याकडे नका बघू. सव्वा वर्षाची आहे. कान ठणकतो, ताप येतो, कान वाहतो, मग ते गुलाबी औषध. तिच्या उशीपासून माझ्या शर्टापर्यंत सगळ्याला त्या औषधाचा वास लागलाय. बाटली संपली की आठवडाभर बरी असते, खेळते, आणि मग एका सकाळी नाक गळायला लागतं आणि मी आणि सासूबाई नुसते एकमेकांकडे बघतो. तर डॉक्टरबाई म्हणतात, आता नळ्या बसवायच्या. नळी म्हणजे केवढी — तांदळाच्या दाण्याहून लहान. कानाच्या पडद्याला बारीकसं भोक पाडतात, त्यात ती बसवतात, की पडद्यामागं साठलेलं पाणी निघून जातं, हवा खेळती राहते. पुढं आपोआप गळून पडते म्हणे. गाडीची काच इवलीशी खाली ठेवावी तसं. उद्या सकाळची वेळ धरून ठेवलीये त्यांनी, आणि आज मी हो की नाही ते सांगायचं. एवढंच. इंडिकेटर. वळायचं आहे आपल्याला. इंडिकेटर आधी, मग आरसा, मग — तो वायपर आहे, काकू. असू दे, काच स्वच्छ झाली.

तुम्ही म्हणाल, एवढंसं काम, दहा-पंधरा मिनिटांचं, अडलंय कशाला? सासूबाईही तेच म्हणतात. माझी बायको गेली ना — ठाऊक असेल तुम्हाला, ऑफिसात कुणीतरी सांगितलंच असेल — तेव्हापासून त्या आमच्याकडेच आहेत. फटकळ आहेत हां. पोरीला आडवं केलं की ठणका वाढतो, म्हणून त्या तिला उभ्यानं खांद्यावर घेऊन बसतात, बसल्या बसल्याच डुलकी काढतात, आणि सकाळी मी चहा पुढे केला की म्हणतात, "जावईबापू, पोरीचा कान आहे तो. तुमची शिकाऊ गाडी नाही, आपल्या बाजूनं ब्रेक दाबून ठेवायला." हा बघा, माझ्या पायाखाली आहे ना, त्याबद्दल. तुम्ही कितीही ॲक्सिलरेटर द्या, मी दाबला की गाडी जागेवर. हसा, हसा, पण समोर बघून.

माझी बायकोही तुमच्या जागेवरच बसायची. खरंच. माझ्याकडेच शिकली. बाकीच्यांना मी बोला बोला म्हणून दमतो, हिला एकदाच सांगितलं आणि मग ती थांबेचना. आता मी आरसा बघतेय, आता मागच्या गाडीतला माणूस जांभई देतोय, आता त्यानं मला बघितलं, आता तो घाबरलाय. पहिल्या परीक्षेत नापास झाली. का, तर परीक्षक म्हणाला, बाई, जरा गप्प बसून चालवा, आणि गप्प बसून तिला चालवताच येईना! बाहेर आली ती तरातरा, म्हणाली, चूक तुमची आहे, तुम्ही खोड लावलीत, आता निस्तरा. निस्तरली मी. लग्नच केलं. — तिसरा टाकायला हरकत नाही, रस्ता मोकळा आहे.

मग पोर झाली आणि तिचं तेच पुढं सुरू झालं. आता आपण दुपटं बदलतोय. आता आपण कांदा चिरतोय. आता आपण रडतोय — खरं नाही गं गुंडे, कांद्याचं रडू आहे हे. गुंडी म्हणायची तिला, सदऱ्याच्या गुंडीसारखं नाक आहे म्हणून. मी चिडवायचो, अगं, तिला काय कळतंय? तर म्हणायची, कळत नसेल, पण ऐकतेय ना! बघ कशी तोंडाकडे बघत राहते. आणि बघायची हो ती. टक लावून बघायची आईच्या तोंडाकडे. संध्याकाळी शेवटचा क्लास संपला की ती पोरीला घेऊन कोपऱ्यावर उभी असायची, मागच्या सीटवर बसायची, आणि मग आम्ही तिघं घरी. आणि एकदा बाजूनं ट्रक गेला, हा एवढा कर्कश हॉर्न देत, मी स्वतः दचकलो, आणि पोर जागी असून डोळासुद्धा मिचकावला नाही तिनं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, बघ, ड्रायव्हिंगवाल्याची मुलगी शोभते! कौतुक केलं मी. सगळ्यांना सांगत सुटलो, आमची मुलगी हॉर्नला दचकत नाही म्हणून. त्या महिन्यात दोनदा कान फुटला होता तिचा... कुणाच्या डोक्यात यावं सांगा. — पुढं गतिरोधक आहे. आता आपण पाय ॲक्सिलरेटरवरून काढतोय, ब्रेकवर ठेवतोय, ठेवतोय म्हटलं मी, आदळतोय नाही. छान.

ती गेली तेव्हा पोर सहा-सात महिन्यांची. डोकं दुखतंय म्हणाली, एवढंच. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. आत रक्तस्राव झालाय, उघडावं लागेल म्हणाले. मी पोरीला कडेवर घेऊन उभा, आणि ती स्ट्रेचरवर. तिला बोलायला जड जात होतं तरी म्हणाली, खाली वाक. मी वाकलो. पोरीच्या कानाशी तोंड नेलं तिनं — उजव्या की डाव्या, मला आठवत नाही, पुष्कळ आठवून बघितलं — आणि म्हणाली, आता आपण जरा आत जातोय. लगेच येतोय बाहेर. मग तिला झोपेचं औषध दिलं, आणि दार बंद झालं.

म्हणून सगळे मला समजून घेतात. बायकोला असंच झोपवून नेलं, ती उठली नाही, आता पोरीलाही झोपवणार, बाप घाबरणारच. डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या, वेळ घ्या थोडा, भीती साहजिक आहे. मी मान हलवतो. भीती आहेच हो, नाही कशी. पण — डावीकडे ठेवा जरा, ती सायकल जाऊ दे — पण तेवढंच असतं तर मी कधीच हो म्हटलं असतं.

त्यांनी तपासलं ना कान, ते यंत्र लावून, तेव्हा म्हणाल्या, पडद्यामागं पाणी साठलंय, हिला आत्ता पाण्याखाली बुडी मारल्यासारखं ऐकू येत असणार. म्हणून शब्द फुटत नाहीयेत अजून. मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, ते सांगता येणार नाही, कमीजास्त होत असतं, मधे मधे चांगलंही येत असेल. मी पुन्हा विचारलं, पण साधारण कधीपासून? त्यांना वाटलं, मी उपचाराच्या दृष्टीनं विचारतोय. घरी आलो. बाथरूममध्ये बादली भरली, गुडघ्यांवर बसलो आणि डोकं आत घातलं, कान बुडेपर्यंत. सासूबाईंना आधी सांगून ठेवलं होतं, दारात उभ्या राहा आणि मोठ्यानं म्हणा, गुंडी. म्हणाल्या, "जावईबापू, वेड लागलंय का? पोर परवडली!" पण म्हणाल्या. आणि मला ऐकू आलं — घुं. नुसतं घुं. दूर कुठंतरी पंप चालू असावा तसं. मी डोकं वर काढलं, म्हटलं, अजून एक म्हणा. म्हणा, आता आपण जरा आत जातोय, लगेच येतोय बाहेर. त्यांना ठाऊक होतं ते वाक्य. त्याही तिथंच होत्या ना त्या दिवशी, पिशवी धरून. मी डोकं पुन्हा आत घातलं. मी बुडवलेलं डोकं तसंच ठेवून वाट बघत बसलो, आणि बाहेर आलो तर दारात कुणी नाही.

गाडी पुन्हा तिरकी चाललीये, काकू. सरळ घ्या. रडू नका, मी काही रडवायला सांगत नाहीये, रस्ता दिसला पाहिजे.

सांगायचं काय होतं? तर — आत्ता कसं आहे, दोन्ही आहे. ऐकलंही असेल, नसेलही. मधे मधे चांगलं येतं म्हणाल्या ना बाई, मग तो दिवस तसा चांगला असू शकतो. असू शकतो की नाही? आणि उद्या नळ्या बसवल्या, आणि परवा मी हाक मारली गुंडी, आणि ती झटकन वळली, जशी कधीच वळली नाहीये तशी — तर मग झालंच ना नक्की? त्या आधीचं सगळं, कांदा काय, दुपटं काय, सगळं घुं. आणि ते शेवटचंही. लोक म्हणतील, बाप आहे का कोण आहे हा! पोर कान ओरबाडतेय आणि हा एका वाक्यापायी... ओरबाडते हो. इथं, कानाच्या पाळीमागं, नखांचे ओरखडे असतात. मी नखं कापतो तिची. नखं कापतो, आणि तारीख पुढं ढकलतो. मागच्या वेळी नर्सबाईंचा फोन आला, सर्दी-ताप काही आहे का, असेल तर करता येत नाही म्हणाल्या, आणि मी म्हणालो —

तोच आहे. वाजू दे, बंद होईल आपोआप. चौथा टाकू नका, पुढं वळण आहे.

त्या फोननंतर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. एवढी फटकळ बाई, आणि दोन दिवस गप्प, म्हणजे घर खायला उठलं. आज सकाळी मी निघताना पोर त्यांच्या मांडीवर, तिला भरवत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मीसुद्धा बोलते रे तिच्याशी दिवसभर." रे म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एकेरी हाक नाही. "मीसुद्धा बोलते. आईचं काय पोचलं असेल ते असेल. माझं तरी पोचू दे. मी काय कायमची आहे का?" आणि तोंड पुसलं पोरीचं, ज्या फडक्यानं पुसलं त्यानंच स्वतःचं. मी चपला घातल्या आणि आलो. तुमचा क्लास होता ना.

तुम्हीही पहिल्या दिवशी एक बोलला होतात — हे गेल्यापासून यांची गाडी दारात उभी आहे, रोज पुसते, पण चालवता येत नाही. मी म्हटलं होतं, बॅटरी उतरली असेल काकू. चुकलंच, तेव्हा ते बोलायला नको होतं.

पुन्हा वाजला. या क्लासात तिसऱ्यांदा. चिवट आहेत नर्सबाई... अहो, हे काय? इंडिकेटर कशाला दिलात? इथं वळायचं नाहीये, सरळ जायचं आहे. काकू, मी थांबा म्हटलं का तुम्हाला? मी —

आरसा बघितलात. दुसऱ्यावर आणलीत. कडेला घेतलीत, आणि बंद न पडता. न्यूट्रल. हँडब्रेक. मी काहीच नाही केलं हां, माझा पाय नव्हता ब्रेकवर, शपथ. सगळं तुम्हीच केलंत.

वाजतोय अजून.

— हॅलो. हो, बाबाच बोलतोय... हो, ऐकतोय. ताप नाही. खोकला नाही... नाही, सर्दीपण नाही. — मागच्या वेळीही नव्हती. — हो. नव्हती... नाही, आता पुढं नको ढकलायला. उद्याच... पहाटेपासून दूध नाही, बरं, सांगतो तिच्या आजीला... बाई, एक विचारू? आत नेताना मला तिच्याजवळ येता येईल? दारापर्यंत? नाही, काही करायचं नाही, फक्त तिच्याशी बोलायचं आहे जरा... ऐकू येणार नाही, ते ठाऊक आहे मला. तरी... बरं. बरं, ठेवतो.

उद्या क्लास नाही, काकू. परवाचं बघू. चला, किल्ली फिरवा, घरापर्यंत तुम्हीच न्यायची आहे. पाय मागं घेतलेत मी, हे बघा, सीटखाली. नाही, मी नाही बोलणार आता. तुम्ही बोला.