कोचनं उत्तर द्यायचं नाही

...आणि वर लोक मलाच विचारतात, "काय हो, एवढी चांगली नोकरी, सोडलीत कशाला?" अहो, चांगली होती म्हणूनच सोडली ना! वाईट असती तर त्यांनीच काढायची वाट बघत बसलो असतो! अठरा वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जायचं, काटा तपासायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर दुकानदाराचं रडगाणं ऐकायचं, पाच वाजता घरी! एवढं सुख माणसाला सोसवतं का? नाही सोसवत! मग केलं एक शिबिर. दोन दिवसांचं. काटा तपासायला मला दोन वर्षं शिकवलं होतं हं, पण लोकांचं आयुष्य मार्गी लावायला दोन दिवस पुरतात... आणि झालो कोच! लाइफ कोच!

शिबिरातल्या सरांनी एकच मंत्र दिला. मान तिरकी करून, आवाज असा मधात बुडवून, "लक्षात ठेवा... कोचनं उत्तर द्यायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचा. उत्तर समोरच्याच्या आतच असतं." असेल बुवा!

घरीच सराव सुरू केला. बायको म्हणाली, "अहो, नळ गळतोय, प्लंबरला बोलवू का?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" "बोलवावा असं वाटतं." "आणि तो आल्यावर तुला कसं वाटेल?" तुम्हाला सांगतो, त्यानंतर ती तीन दिवसांनी बोलली, तेही फक्त "सरका" एवढंच. पण नाही! कोचनं उत्तर द्यायचं नाही!

खोली घेतली भाड्यानं. खाली दातांचा दवाखाना. मी वर एकटाच म्हणून बघतोय, "डोळे मिटा... शांत व्हा..." आणि खालून घर्रर्र! मग कुणाचं तरी "आई गं!" दोन महिने कुणी फिरकलं नाही. एक गृहस्थ आले, ते गाल धरूनच. म्हटलं, खाली हो, खाली!

आणि मग एकदाचं खरं गिऱ्हाईक आलं. पस्तिशीच्या एक बाई, चेहरा रडवेला. "सर, नवीन नोकरी लागलीय, काहीच जमत नाहीये." म्हटलं, कुठे? "वजनमापं खात्यात." माझ्या जागेवर! माझ्या खुर्चीत! "सर, शिक्क्यांचं कपाटच उघडत नाही." उघडत नाही?! अहो, दार जरा वर उचलायचं आणि किल्ली फिरवायची, अठरा वर्षं उघडलंय मी ते! पण कोचनं उत्तर द्यायचं नाही... दात आवळून म्हटलं, "ते कपाट तुम्हाला काय सांगतंय?" "काही नाही सर, उघडतच नाही." बरं. "साहेब फाइल फेकून देतात." देणारच! चहाच्या आधी त्यांच्यापुढे फाइल ठेवायचीच नसते! "तो धान्यवाला म्हणतो, काटा कालच बिघडला." बारा वर्षं झाली, त्याचा काटा कालच बिघडतोय! जिभेला फोड यायची वेळ आली हो माझ्या! शेवटी बाईंनी डोळे पुसले. "जाऊ दे सर. घरी पोरांना सांगितलं होतं, आता आई कमावणार. उद्या राजीनामा देते."

गेला तो मंत्र खड्ड्यात! सांगितलं सगळं. दीड तास! कपाट, साहेब, धान्यवाला, दांडीला बोट लावून वजन कसं वाढवतात, ते बोट कुठे बघायचं... सगळं! बाई हसत जिना उतरल्या. आणि तुम्हाला खरं सांगतो, नोकरी सोडल्यापासून तेवढा दीड तासच काय तो मी सुखात होतो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या टेबलावरचे कारकून पाठवले. मग नोंदणीतल्या दोघी. रांग लागली हो! आयुष्याबद्दल एक अक्षर कुणी विचारत नाही. "सर, जुने अर्ज कुठे ठेवलेत?" "सर, साहेब आज का चिडलेत?" मलाच माहीत असतं ना!

परवा पुन्हा दार वाजलं. बघतो तर साक्षात साहेब! म्हटलं, आले! परत न्यायला आले! आधी आढेवेढे घ्यायचे, मग खिडकीजवळचं टेबल मागायचं, सगळं मनात ठरवूनसुद्धा झालं. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. "छान. बाई एकदम तयार झाल्या तुमच्यामुळे. ऑफिस कधी नव्हे इतकं सुरळीत चाललंय. फक्त एक आहे... आमची माणसं साडेनऊपासून जिन्यात ताटकळतात. जरा वेळेवर उघडत चला."

आणि मी... स्वतःच्या धंद्याचा मालक... ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "हो साहेब. उद्यापासून."